डोंगरचं गवत खरंच निकस असतं का?

दिवेघाट

मंडळी, मी राहतो वारज्यात, पण शनिवार-रविवार पुरंदर तालुक्यात गावी असतो. तिथे तात्या (वडिलांचे चुलतभाऊ) आणि काकू. गोठ्यात तीन संकरित गाई, एक खिलार आणि तिचा खोंड. पाणी विहिरीचं, ते माघातच तळाला जातं. त्यामुळे हिरवी वैरण बेताची. बाकी सगळा खेळ कडबा, उसाचं वाढं आणि डोंगरचं गवत यांच्यावर.

गेल्या पौषात तात्यांनी डोंगर कापला. पेंढ्या बांधून गोठ्यामागं गंजी रचली. पिवळंधमक, सळसळीत गवत, फोटो काढावा असं. कडबा निम्म्यावर आणून त्याच्या जागी हे गवत घातलं आणि महिन्याभरात दूध उतरलं. तिन्ही गाई मिळून दिवसाला चारेक लिटरनं. तात्यांचा निकाल लगेच तयार : "डोंगरचं गवत निकस. पोट भरतं, अंगी लागत नाही." डेअरीवर विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, गोळी पेंड वाढवा. त्याच्याकडे दुसरं उत्तर नसतंच.

मला हे पटेना. आजोबा सांगायचे, श्रावणात गुरं डोंगराला लागली की दिवाळीपर्यंत आंबोण (पेंड-भुशाचा खुराक) घालावं लागायचं नाही, आणि बैलाच्या पाठीवरून माशी घसरेल अशी कांती यायची. डोंगर तोच, गवतही तेच.

म्हणून या वर्षी एक उद्योग केला. अनंत चतुर्दशीच्या आसपास घरामागच्या उतारावरची एक पेंढी कापली आणि सावलीत वाळवली. तिच्या शेजारचा तुकडा चार दगड मांडून राखून ठेवला, तो पौषात कापला. दोन्ही नमुने एका खाजगी प्रयोगशाळेत दिले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "सर, हे औषधी आहे का?"

अहवाल आला. पहिल्या पेंढीत कच्ची प्रथिनं साडेसात टक्क्यांच्या जरा वर. दुसरीत तीनच्या खाली.

खरं सांगायचं तर त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती. भाद्रपदातली काडी पेऱ्यावर मोडली की आत ओल होती, चावली तर किंचित गोड लागत होती. पौषातल्या काडीला पातं राहिलंच नव्हतं. कापताना थोडंफार होतं, ते भारा बांधताना आणि डोक्यावरून आणताना झडून वाटेवर पडलं. गव्हाणीत पोचले ते नुसते हीर. केरसुणीला बरे.

तर प्रश्न असा : गवत निकस, की आपण ते निकस झाल्यावर कापतो? आणि तसं असेल तर पिढ्यानपिढ्या लोक पौषात का कापत आले? आपले लोक काही खुळे नव्हते.

पेठेतला

आमच्या पेठेत गवत म्हणजे २१ दूर्वांची जुडी, आणि तीही गणपतीत मागेल त्या भावानं. प्रथिनं किती ते विचारायचं राहूनच गेलं. असो. रुमाल टाकून ठेवतो, धागा वाचनीय होणार असं दिसतंय.

ढोरवैद्य

दिवेघाट, शाबास. उभी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली, पण पदरचे पैसे घालून गवत तपासून आणणारा माणूस मला फार क्वचित भेटला.

थोडं सविस्तर लिहितो. निवृत्त माणसाला वेळच वेळ.

गाय गवत खाते हे अर्धंच खरं. गाय आपल्या पोटातल्या जिवाणूंना गवत खायला घालते, ते वाढतात, आणि मग गाय त्या जिवाणूंना पचवते. या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. चाऱ्यातली कच्ची प्रथिनं साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की त्यांची उपासमार सुरू होते. ते अशक्त झाले की तंतू फुटायला वेळ लागतो, कोठा रिकामा होत नाही, आणि पोट भरलेलं असल्यामुळे गाय पुढचा घास घेत नाही. म्हणजे मार दुहेरी. चाऱ्यातच कमी आणि खाल्लंही कमी. तुमच्या तात्यांनी 'पोट भरतं, अंगी लागत नाही' या पाच शब्दांत जे सांगितलं ते आम्हाला शिकायला एक सत्र लागलं होतं.

हिशेब करा. ४०० किलोची गाय दिवसाला कोरड्या वजनानं १० किलोच्या आसपास चारा खाते. तीन टक्क्यांनी तिच्या पोटात ३०० ग्रॅम प्रथिनं जातात, साडेसातनी ७५० ग्रॅम. त्यात वाळक्या गवतातल्या ३०० ग्रॅमपैकी निम्मीसुद्धा पचत नाहीत, कारण ती पेशीच्या भिंतीत अडकलेली असतात. (अहवालात 'कच्ची' हा शब्द का, तर प्रयोगशाळा प्रथिनं मोजतच नाही. ती नत्र मोजते आणि ६.२५ नं गुणते. म्हणून त्यात खरं प्रथिन किती आणि नुसतं नत्र किती हे त्या आकड्यावरून कळत नाही.)

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. आपल्या पठारावरची बहुतेक गवतं सी-फोर गटातली. कडक उन्हात, कमी पाण्यात भराभर उंच होतात. पण त्यांच्या पात्यात शिरा दाट असतात आणि लिग्निन (काडी टणक करणारा घटक) लवकर भरतं. थंड मुलखातलं गवत बरेच दिवस कोवळं राहतं, आपलं राहत नाही. पाऊस पडल्यावर पहिल्या महिन्यात दहा-बारा टक्के प्रथिनं, फुलोऱ्यात सात-आठ, बी धरलं की उतरणीला लागलं, आणि बी गळून काडी पिवळी पडली की तीनच्या आसपास. झाड हुशार असतं. जे चांगलं ते बियांत आणि मुळांत नेऊन ठेवतं आणि आपल्याला पाचट देतं.

तेव्हा तुमची शंका रास्त आहे. पौषातलं डोंगरचं गवत हे गवत नव्हेच, तो भुसा आहे. गव्हाच्या काडाच्या पंगतीत बसवा त्याला. भाताचा पेंढासुद्धा तीन-चार टक्क्यांचाच, वर सिलिका जास्त. चांगला ज्वारीचा कडबा यांच्यापेक्षा थोडा वर, शिवाय त्याला पातं असतं. कडबा कमी करून तुम्ही त्याच्या जागी त्याहून हलकं घातलंत, मग दूध उतरणारच.

एक विचारायचं राहिलं, फॅट काय लागत होतं?

दिवेघाट

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. फॅट गंमत म्हणजे एका पॉइंटनं वाढलंच होतं. एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) पडला होता. त्यावरूनच डेअरीवर दोनदा वाद झाला, पाणी घालता का म्हणून.

ढोरवैद्य

बरोबर. तंतू जास्त म्हणजे कोठ्यात अ‍ॅसिटिक आम्ल जास्त, त्यातून फॅट. शिवाय दूधच कमी म्हणून फॅट दाटलेलं. एसएनएफ पडणं ही उपाशी गाईची खूण आहे, पाण्याची नव्हे. हे डेअरीवर कुणी ऐकून घेत नाही ते सोडा.

माळरानी

गवत कोणतं होतं ते कुणीच विचारलं नाही! 'डोंगरचं गवत' हे म्हणजे 'बाजारातली भाजी' म्हटल्यासारखं झालं. दिवेघाट, पौषातल्या तुकड्यातून चालताना मोज्यात काटे घुसले का? काळपट, टोकदार, मागे लांब शेपूट असलेले?

दिवेघाट

मोजे फेकून द्यावे लागले.

माळरानी

म्हणजे कुसळी. एक काम करा. त्यातलं एक कुसळ तळहातावर ठेवा आणि वर पाण्याचा एक थेंब टाका. शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि ते हातावर हळूहळू गोल फिरतं. ओल मिळाली की बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं पिळून घालतं. जमिनीऐवजी मेंढीची कातडी मिळाली तर तिच्यातही घालतं. म्हणून कुसळी फुलायच्या आधी उत्तम चारा आणि फुलल्यावर ताप. जनावराच्या हिरडीत, जिभेखाली घुसून जखमा होतात. तात्यांना म्हणावं, गाई कमी खात होत्या त्याचं एक कारण तोंडातही पाहा.

आता थोडं मागचं. दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ साली देशातल्या गवताळ भागांचे पाच गट मांडले. त्यात आपला दख्खनचा पट्टा सेहिमा-डायकॅन्थियम गटात येतो. सेहिमा म्हणजे आपला पवना आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. म्हणजे पुरंदर, दौंड, बारामतीच्या माळांचं मूळचं गवत हे. दोन्ही बहुवर्षायू, पातेदार, गुरांच्या आवडीची. जरा वरच्या उतारावर डोंगरी, कोरड्या मुरमाड जागी अंजन. जनावर पहिलं आवडतं तेच खातं. बारमाही चराई झाली की पवना-मारवेलीला बी धरायची उसंत मिळत नाही, ती मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. आणखी ओरबाडलं की कुसळीही जाते आणि वीतभर उंचीची वार्षिक गवतं उरतात, जी दिवाळीला वाऱ्यावर उडून जातात. डोंगरावर कोणतं गवत आहे यावरून त्या गावाचा चराईचा इतिहास वाचता येतो.

आणि वणवे. फाल्गुन-चैत्रात डोंगर पेटवतात, 'जाळलं की गवत चांगलं येतं' म्हणून. यात थोडं खरं आहे, ते नाकारायला नको : जळाल्यानंतर फुटणारे कोंब कोवळे असतात आणि गुरं त्यांच्यावर तुटून पडतात. पण ऐन उन्हाळ्यात जमिनीत ओलच नसते, फुटणार किती? नत्र धुरावाटे गेलं, राख पहिल्या वळवानं ओढ्यात गेली. आणि कुसळी आगीला दाद देत नाही. दरवर्षी जाळणं म्हणजे दरवर्षी कुसळी पेरणं.

सह्यभटक्या

+१. वेताळ टेकडीवर आणि कात्रजच्या बाजूला दर उन्हाळ्यात हेच. आम्ही काही जण झोडपायला जातो. विझवून झाल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ द्या हो, नुसतं गवत तर जळालं."

वाडा

मी हडपसरला कंपनीत आहे, पण घर इंदापूर तालुक्यातलं, मेंढरांचं. चुलते अजून वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन फिरतात. डॉक्टरसाहेब आणि माळरानी यांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो.

दिवेघाट, तुम्ही गवत कापलंत विळ्यानं. मेंढी कापते ओठानं. विळ्याला काडी आणि पातं सारखंच. मेंढी वाळक्या झुडक्यात तोंड घालून आतलं एकच हिरवं पातं ओढून काढते आणि बाकी तसंच सोडते. त्याच झुडक्याच्या बुडात रानमूग असतो, केना असतो, बोरीचा पाला पडलेला असतो, बाभळीच्या शेंगा असतात. आज्या म्हणायचा, मेंढरू माळावर चालतं ते पोटासाठी नाही, चवीसाठी चालतं. तुमच्या प्रयोगशाळेत गेलं ते गवत आणि आमच्या मेंढरानं खाल्लं ते गवत ही दोन वेगळी गवतं आहेत. पौषात तुमच्या त्या तीन टक्क्यांच्या डोंगरावरसुद्धा मेंढरू मरत नाही, ते याच्यामुळं.

अर्थात कायम तिथं कुणी राहतही नाही. दिवाळी झाली, माळ पिवळा पडला की वाडा हलायचा. घाट उतरून कोकणात, भात निघालेल्या खाचरात मेंढरं बसवायची. खताच्या बदल्यात धान्य मिळायचं. पाऊस तोंडावर आला की परत वर, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही आणि इकडं माळ हिरवा व्हायला लागलेला असतो. तुम्ही लोक आता अहवाल काढून 'कधी' ते शोधताय, आमच्याकडं 'कधी' वरच सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादलं जायचं.

कोवळं गवत म्हणजे सोनं असंही नाही बरं का. पहिल्या पावसानंतरचं लुसलुशीत गवत मेंढरानं अधाशासारखं खाल्लं की आंत्रविषार. संध्याकाळी चांगलं असलेलं कोकरू सकाळी आडवं. म्हणून पावसाच्या आधी, मे महिन्यात लस टोचून घ्यावी लागते. आमच्याकडं एका वर्षी चुकली होती. त्या वर्षाचं काही बोलत नाही.

ढोरवैद्य

वाडा, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. आणि तुमचं म्हणणं शास्त्रालाही धरून आहे. जनावराच्या अन्ननलिकेतून घास बाहेर काढून तपासायची पद्धत आहे. त्यात हातानं कापलेल्या नमुन्यापेक्षा जनावरानं स्वतः निवडलेल्या घासात प्रथिनं जास्त सापडतात. शेळी-मेंढीत हा फरक मोठा, गाईत त्यापेक्षा कमी, कारण गाय जीभ गुंडाळून मूठभर ओढते. आणि गव्हाणीत बांधलेल्या गाईला तर निवड नसतेच. पुढ्यात पडेल ते.

मुळशीची_सून

सगळे प्रतिसाद वाचले. सगळं पटतंय, पण एक सांगू? 'भाद्रपदात कापा' हे लिहायला सोपं आहे.

आमच्याकडे सासरी चार म्हशी. मुळशीच्या वरच्या अंगाला भाद्रपदात पाऊस उघडतच नाही. दिवेघाट, तुम्ही एक पेंढी सावलीत वाळवलीत, ती वाळली. आम्ही तीन वर्षांपूर्वी कुठेतरी वाचून खरोखर दोन गाड्या गवत फुलोऱ्यात कापलं. दोन दिवस ऊन पडलं, तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं. घाईघाईनं माळ्यावर भरलं. आठ दिवसांनी माळ्यावर चढले तर वाफ येत होती, हात घातला तर गरम. आतून काळं-पांढरं बुरशीचं जाळं. म्हशींनी नाकं मुरडली, एकीनं खाल्लं तिला हगवण. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त पुढच्या वर्षी विळा दसऱ्यानंतरच खाली काढला.

आणि माणसं? भाद्रपदात बेणणी असते, आश्विनात हळवं भात कापायला येतं. तेव्हा डोंगरावर गवत कापायला कोण जाणार? पौषात शेतातली कामं संपतात, माणूस मोकळा होतो, पावसाची भीती नसते, गवत आयतं वाळलेलं असतं. लोक पौषात का कापत आले, हे त्याचं उत्तर. गवताची वेळ बघून नव्हे, माणसांची वेळ बघून कापत आले.

दिवेघाट

हे सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या डोक्यात हा मुद्दा आलाच नव्हता, खरंच. पण एक, आमच्याकडे पुरंदरात तुमच्यासारखा पाऊस नाही. भाद्रपदात आठ-आठ दिवस उघडीप असते.

ढोरवैद्य

मुळशीची_सून यांचा अनुभव लाख मोलाचा. ओलं गवत रचलं की आतले जिवाणू-बुरशी श्वास घेतात, उष्णता तयार होते, आणि तुमचं साखर-प्रथिन तेच खाऊन टाकतात. रचताना काडी पिळून पाहायची. ओल हाताला लागली किंवा काडी मोडण्याऐवजी वाकली तर थांबायचं.

मावळ-मुळशीला भाद्रपदाचा हट्ट धरू नये. तिथे ते गवत कापून ताजंच घालावं, वाळवायचं ते नंतर. पुरंदर-दौंड-शिरूरकडे मात्र मधला मार्ग आहे. सगळा डोंगर एकदम कापायचा नाही. घराजवळचा एक पट्टा फुलोऱ्यात, उघडीप बघून. तो दुभत्या गाईंसाठी वेगळा रचायचा. दुसरा पट्टा दसरा-दिवाळीत, पातं अजून अंगावर असताना. आणि उरलेला बी गळून गेल्यावर, भाकड जनावरांना. दरवर्षी पट्ट्यांची जागा बदलायची, म्हणजे प्रत्येक जागेला बी टाकायची संधी मिळते. सगळंच फुलोऱ्यात कापलंत तर चार वर्षांनी कापायला पवना उरणार नाही, हे माळरानींच्या आधी मीच सांगून टाकतो.

वाळवताना फार कडक उन्हात पसरून ठेवू नका. हिरवा रंग उडाला की त्याच्याबरोबर कॅरोटिन उडतं, म्हणजे अ जीवनसत्त्व. गाईचं दूध पिवळसर असतं ते या कॅरोटिनमुळे. म्हैस ते सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते म्हणून तिचं दूध पांढरं. हिरवट वाळलेलं गवत आणि पिवळं वाळलेलं गवत यांत हा एक फरक आहेच, प्रथिनांच्या पलीकडचा.

बारामतीचा_बागायतदार

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? चार गुंठे संकरित नेपियर गवत लावा, फुले जयवंत नाहीतर यशवंत. वर्षात सहा-सात कापण्या, नऊ-दहा टक्के प्रथिनं. आम्ही वीस गाई त्याच्यावर आणि मुरघासावर (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) सांभाळतो. डोंगर हिंडत बसायचा जमाना गेला.

दिवेघाट

दादा, चार गुंठ्यांना उन्हाळ्यात पाणी लागतं. आमच्या विहिरीला माघात बादली टेकते. तुमच्याकडे कालवा आहे.

माळरानी

बागायतदार, नेपियर उत्तमच. फक्त त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. उसाच्या वाढ्यातही असतं. दोन्ही एकत्र घालत असाल तर कॅल्शियमकडे लक्ष असू द्या.

आणि 'जमाना गेला' म्हणताय, पण राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली फुले मारवेल कुठून आली? माळावरच्याच मारवेलीतून निवडून. ज्या गवताला आपण रानटी म्हणतो तेच निवडून, वाढवून परत आपल्याला ठोंबांच्या रूपात मिळतं, आणि तिला नेपियरइतकं पाणीही लागत नाही. पुण्यापासून तासाभरावर उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था सुरू केली, तिथेही गाईंच्या पैदाशीबरोबर चाऱ्याचं काम जोडलेलं राहिलं. सुधारलेली गाय आणि न सुधारलेली वैरण हे गणित जमत नाही, हे तिथल्या लोकांना केव्हाच कळलं होतं.

दिवेघाट, तात्यांच्या बांधावर, ओढ्याच्या कडेला मारवेलीचे ठोंब पावसाळ्यात लावून पाहा. बांधाला गिरीपुष्पही लावा. पाल्यात वीस टक्क्यांवर प्रथिनं असतात. वासामुळे गाई आधी खात नाहीत, पाला सुकवून घातला की हळूहळू लागतात. हेच गिरीपुष्प पुण्याच्या टेकड्यांवर वनीकरणात लावून खालचं गवत सावलीनं मारलं गेलं, त्याबद्दल मी वेगळा धागा काढून भांडेन. बांधावर मात्र त्याला माझी हरकत नाही.

नवखा_गोठा

तात्यांकडे आत्ता जी पिवळी गंजी शिल्लक आहे तिचं काय करायचं? युरिया प्रक्रिया ऐकली आहे. घरगुती करता येते का?

ढोरवैद्य

येते. १०० किलो वाळका चारा, ४ किलो युरिया, ४० ते ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थरावर थर देत झारीनं शिंपडायचा, प्रत्येक थर पायानं दाबायचा, वरून प्लास्टिकनं हवाबंद. २१ दिवस उघडायचं नाही. युरियातून अमोनिया सुटतो, तो तंतू सैल करतो आणि नत्रही वाढवतो. तीनचा चारा सात-आठपर्यंत जातो. खायला घालण्याआधी तासभर पसरून ठेवा, डोळ्यांना झोंबणारा वास गेला पाहिजे. सुरुवात मूठभरानं, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या.

सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. घोड्या-गाढवाला नाही. उपाशी जनावराला एकदम पोटभर नाही.

मुळशीची_सून

आणि कालवलेलं पाणी उघडं ठेवायचं नाही! हे मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या शेजारी युरियाची बादली भरून माणूस झारी आणायला घरात गेला, तेवढ्यात वासरू दावं सोडवून आलं आणि प्यायलं. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. झारी आणायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ.

ढोरवैद्य

खरं आहे. बादली भरली की माणूस बादलीपाशी. आणि ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी करूच नये. कुट्टी करून, वर थोडी सरकी पेंड आणि दिवसाला ५० ग्रॅम खनिज मिश्रण एवढं केलं तरी फरक पडतो. वाळक्या गवतात फॉस्फरस फारच कमी असतो. गाय दावं चघळते, भिंत चाटते, हाडूक किंवा प्लास्टिक तोंडात धरते, तेव्हा ती खोडकर नसते.

कोथरूडकरीण

अवांतर : गाजर गवत पण गवतच ना? आमच्या सोसायटीमागच्या प्लॉटवर म्हशी चरतात आणि सगळीकडे तेच आहे.

माळरानी

नाव गवत, पण ते गवत नव्हे. झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे. आणि पुणेकरांनी त्याचा अभिमान बाळगायचा की नाही ते ठरवा, कारण भारतात ते पसरत असल्याची नोंद पहिल्यांदा १९५५च्या सुमारास पुण्यातच झाली. म्हशी भूक अनावर झाल्याशिवाय त्याला तोंड लावत नाहीत. लावलं तर दूध कडवट लागतं, आणि जास्त खाल्लं तर कातडी आणि यकृत दोन्ही बिघडतात. घाणेरीचंही तसंच. खाऊन उन्हात उभं राहिलेल्या जनावराची नाकपुडी सोलवटते.

पेठेतला

माझ्या दुधाच्या कडवटपणाचं खापर मी इतकी वर्षं दूधवाल्यावर फोडत होतो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

दिवेघाट

मंडळी, दोन आठवड्यांनी लिहितोय. धागा छापून तात्यांना नेऊन दिला. काकूंनी वाचून दाखवला. डॉक्टरांचं 'तो भुसा आहे' हे वाक्य आलं तेव्हा तात्या म्हणाले, "मग मी काय वेगळं म्हणत होतो?" मुळशीच्या ताईंची माळ्यावरची गोष्ट दोनदा वाचून घेतली. वाडा यांचा प्रतिसाद ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, आमच्या लहानपणी भाद्रपदात देवळामागं मेंढरं बसायची, ती का यायची बंद झाली कुणास ठाऊक.

गाईंची तोंडं तपासली. खिलारीच्या हिरडीत दोन कुसळं सापडली, एक खोल. काकूंनी चिमट्यानं काढली. मी धरायला होतो आणि पायावर लाथ खाल्ली.

गंजीची कुट्टी करून पेंड आणि खनिज मिश्रण चालू केलं आहे. युरियाला तात्यांनी साफ नाही म्हटलं, खोंड मोकळा असतो म्हणून. मी आग्रह केला नाही.

पट्ट्यांचं मात्र त्यांना पटलं. घरामागचा उतार तीन भागांत दगड लावून आखला. येत्या भाद्रपदात पहिला पट्टा कापायचा ठरलं. मी विचारलं, माणसं मिळतील का? तात्या म्हणाले, "माणसं कशाला? गौरी-गणपतीला तुला सुट्टी असतेच की."

वाडा

विळा धरता येतो का दिवेघाट?

दिवेघाट

नाही.

वाडा

रविवारी येतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.